सायकल खांद्यावर घेऊन हिंटलकोमला

इंग्लंडच्या भूमीवर ज्यांनी रस्ते आखले, त्यांच्यात रोमन लोकांनंतर माझंच नाव घ्यावं लागेल, असं माझं प्रामाणिक मत आहे. फरक इतकाच, की रोमन लोकांचे रस्ते सरळ आहेत. माझा रस्ता मॅरल्टन स्टेशनापासून निघतो, हिंटलकोम गावाला तीन बाजूंनी लांबून न्याहाळतो, आत शिरावं की नाही याचा बराच वेळ विचार करतो आणि शेवटी गायींच्या कुरणात उतरतो. तिथे सायकलस्वारानं सायकल चालवायची नसते, ढकलायचीही नसते. उचलून घ्यायची असते. रोमन सैन्याला हे सुचलं नसतं. अर्थात रोमन सैन्याला हिंटलकोमच्या कौन्सिलसमोर नकाशा मांडावा लागला नव्हता.

मी क्लाइव्ह पेटिफर. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मुलांना चढउताराच्या रेषा कळल्या नाहीत, मला मुलं कळली नाहीत, आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला एक होकायंत्र भेट दिलं, ज्याची सुई हलत नाही. माझी पात्रता एवढीच.

प्रकरण सुरू झालं ते लँब अँड लँटर्नमध्ये. आमच्या गावात दुकान नाही, शाळा नाही. बस बुधवारी येते आणि आल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखी लगेच निघून जाते. उरलाय तो हा एक पब. मालकी एका दारू कंपनीची, पण मॅव्हिस ट्रॉट तो करारानं एकटी चालवते. राहते वरच्या दोन खोल्यांत. एका संध्याकाळी आमच्या कौन्सिलचा अध्यक्ष डेस्मंड टॅपर माझ्या शेजारी येऊन टेकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "कळलं का? कंपनी पब विकणार आहे."

"हा पब?"

"हळू बोल की! उन्हाळा संपेपर्यंत रविवारच्या जेवणाला गर्दी वाढली नाही, तर खलास. कुणीतरी लंडनवाला घेईल आणि आत पांढरे सोफे टाकेल."

"आणि मॅव्हिस?"

"तेच तर," डेस्मंड म्हणाला आणि ग्लासात बघू लागला. मीही माझ्या ग्लासात बघू लागलो. आमच्याकडे दुःख असंच व्यक्त करतात. फारच तीव्र असेल तर शेंगदाणे मागवतात.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी उत्तर सापडलं. दर रविवारी मॅरल्टनच्या स्टेशनावर सायकलवाले उतरतात. दोन्ही बाजूंना पिशव्या, टाचेपासून टाळूपर्यंत उत्साह. उतरतात आणि मोठ्या रस्त्यानं सरळ समुद्राकडे निघून जातात. त्यांना भूक लागलेली असते. हे मला ठाऊक आहे, कारण ते चालत्या सायकलवर केळी खातात, आणि सुखी माणूस असं करत नाही. या लोकांना मोठ्या रस्त्यावरून उचलायचं, आमच्या टेकड्या-ओढ्यांतून, झाडांच्या बोगद्यांतून, जुन्या पुलांवरून फिरवायचं आणि जेवणाच्या वेळेला बरोबर मॅव्हिसच्या दारात आणून सोडायचं. बस.

बायकोला सांगितलं. हेदर शब्दकोडं सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "मॅव्हिसला विचारलंस का, तिला सायकलवाले हवेत का?"

"अगं, असं कसं विचारणार? म्हणजे तिला कळेल ना, तिचा पब बुडतोय हे आपल्याला माहीत आहे."

"पण बुडतोय हे तिला माहीत असेलच की."

"तिला माहीत आहे. पण आपल्याला माहीत आहे, हे तिला माहीत नाही."

हेदरनं पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. ती वेल्सची आहे. तिकडे लोक मनात येईल ते तोंडानं बोलतात, त्यामुळे तिला इथे रुळायला जड गेलं. आमच्या गावात माणसाला त्याच्या संकटाबद्दल विचारत नाहीत. त्याच्या कुत्र्याबद्दल विचारतात. माझं पित्ताशय काढलं तेव्हा महिनाभर सगळं गाव आमच्या कुत्रीची आस्थेनं चौकशी करत होतं.

तेव्हा मी रीतीनं गेलो, म्हणजे तिच्या कुत्र्यापासून सुरुवात केली. मॅव्हिस काउंटर पुसत होती.

"रॉली कसा आहे?"

"बरा आहे रे. कान दुखतोय त्याचा."

"अरेरे."

"हो ना."

"मी आपला एक सायकलचा मार्ग आखतोय," मी भिंतीवरच्या भुसा भरलेल्या माशाकडे बघत म्हणालो. "मॅरल्टनहून. म्हणजे सहजच. इथे येऊन संपेल."

फडकं थांबलं. "इथे म्हणजे... गावात?"

"तुझ्या दारात. रविवारी, जेवणाच्या वेळी."

"किती छान," मॅव्हिस म्हणाली. मग ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. डोळे जरा ओले होते. मी मनात म्हटलं, बिचारी. कृतज्ञता शब्दांत मावत नाही.

"पण टेकड्या फार आहेत नाही का रे मधे?" तिनं विचारलं.

"सायकलवाल्यांना टेकड्या आवडतात."

"आणि पाऊस?"

"पाऊस तर फारच."

"हो का," मॅव्हिस म्हणाली आणि काउंटरचा आधीच चकचकीत झालेला भाग पुन्हा पुसायला लागली.

मूळ मार्ग अतिशय देखणा होता, हे मी इथे नोंदवून ठेवतो. मॅरल्टनहून ओढ्याकाठानं वर, बीच वृक्षांच्या जंगलातून टेकडीच्या माथ्यावर, जिथून सगळा मुलूख हिरव्या गोधडीसारखा पसरलेला दिसतो. तिथून चर्च लेननं थेट गावाच्या हिरवळीवर आणि हिरवळीसमोर पब. लहान मुलानं पेन्सिलीनं काढावा इतका सोपा. मी तो रंगवून, घडी करून गावच्या सभागृहात कौन्सिलपुढे नेला.

डेस्मंड उठून म्हणाला, "तत्त्वतः माझा पूर्ण पाठिंबा आहे."

हिंटलकोममध्ये कुणी 'तत्त्वतः' म्हणालं, की शहाण्या माणसानं नकाशाची घडी घालायला घ्यावी. कौन्सिलच्या सभांना मी नवखा होतो. हसून मान डोलावली.

"पण चर्च लेन अरुंद आहे," डेस्मंड पुढे म्हणाला. "माझं काही नाही. मला सायकली आवडतात. पण तिथे वयस्कर माणसं राहतात, त्यांचा विचार करायला नको?"

चर्च लेनमध्ये वयस्कर म्हणता येईल अशी एकच व्यक्ती राहते, ती म्हणजे डेस्मंडची आई. ती सभेला सायकलवरून आली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं बिस्किटाच्या डब्याकडे पाहिलं.

"मग मिल लेन घेऊ," मी उदारपणे म्हणालो.

फिलिपा गॅस्कॉइन खुर्चीतून सावकाश उठली. मिल लेनमध्ये तिचं गवती छपराचं घर आहे, आणि घरासमोरच्या तळ्यात बदकं.

"सायकलींना माझा विरोध नाही हं," ती म्हणाली. "तत्त्वतः तर मुळीच नाही. पण माझी बदकं अजून मागच्या फटाक्यांतून सावरलेली नाहीत."

"अगं पण फिलिपा, सायकलचा आवाज कुठे होतो?"

"तेच म्हणतेय मी, क्लाइव्ह. आवाज न करता मागून येतात. बदकांच्या मनाला फार लागतं ते."

सभेनं बदकांच्या बाजूनं मान हलवली. मॅव्हिस शेवटच्या रांगेत बसली होती. तिची मान सगळ्यांत जोरात हलत होती. मला वाटलं, किती मोठ्या मनाची बाई. स्वतःचा पब बुडतोय आणि बदकांचा विचार करते आहे.

राहिला मोठ्या रस्त्यावरून गावात वळणारा फाटा. त्यासाठी जिल्ह्याच्या रस्ते खात्याला फोन केला. तिथल्या माणसानं सांगितलं, की गावाच्या वळणावर 'बदकांपासून सावध' अशी पाटी आधीपासून आहे. तिथे माझी पाटी लावली तर सायकलवाला दोन पाट्या वाचेल आणि वाचता वाचता बदकावर जाईल. युक्तिवाद बिनतोड होता. गावात शिरणारे तीनही रस्ते अशा तऱ्हेनं मला तत्त्वतः खुले आणि प्रत्यक्षात बंद झाले.

आता गावात शिरायला एकच वाट उरली: टेकडीच्या पायथ्यापासून एल्विन बॅस्टेबलच्या कुरणातून पबच्या मागच्या अंगणात उतरणारी सार्वजनिक पायवाट. मी बॅस्टेबलला भेटायला गेलो. तो फाटकावर कोपरं टेकून उभा होता. बहुधा त्या फाटकाबरोबरच त्याचा जन्म झाला असावा.

"पायवाट आहे ती," तो म्हणाला. "पाय आण. चाकं नाही."

कायदा त्याच्या बाजूनं होता. आमच्याकडे पायवाटेवर कुणालाही चालता येतं, मग जमीन कुणाचीही असो. पण सायकल चालवता येत नाही. मी पुन्हा रस्ते खात्याला फोन लावला.

"चालवायची नाही, साहेब," तोच माणूस म्हणाला.

"ढकलत नेली तर?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "त्याबद्दल आमच्या खात्यात दोन गट आहेत. एकमेकांशी बोलत नाहीत."

"बरं, उचलून नेली तर?"

"उचलून?" त्याचा आवाज उजळला. "उचलून नेली तर ते सामान झालं. तुम्ही छत्री घेऊन जाता ना, तसं. फक्त चाकं जमिनीला लागता कामा नयेत. लागलीच, तर मला सांगू नका."

मी विजयी मुद्रेनं फाटकाशी परत गेलो. बॅस्टेबल तसाच उभा होता.

"उचलून नेणार," मी म्हणालो. "सामान म्हणून."

त्यानं गवताची काडी तोंडाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. "ने की. माझा बैल पण तिथेच असेल. सामान म्हणून."

आठवड्याभरात कुरणात बर्ट्रम नावाचा बैल आला, चांगला जाडजूड वळू. त्या कुरणात याआधी मी कधी बैल पाहिला नव्हता. बॅस्टेबलला विचारलं तर म्हणाला, "हवापालट." आता पायवाटेच्या शेतात बैल ठेवण्याबद्दल आमचा कायदा अगदी स्पष्ट आहे. दुधाळ जातीचा बैल ठेवायला मनाई. मांसाच्या जातीचा असेल, आणि सोबत गायी असतील, तर परवानगी. संसारी बैल माणसाच्या अंगावर धावत नाही, अशी पार्लमेंटची समजूत असावी. मी दोन सकाळी कुंपणाशी उभं राहून पुस्तकातल्या चित्रांशी बर्ट्रमची जात ताडून पाहिली. बर्ट्रमला माझा संशय येऊ लागला. जात मांसाचीच होती. भोवती गायी होत्या. बॅस्टेबलनं कायदा माझ्याआधी वाचला होता.

तरीही मी डगमगलो नाही. नेत्यानं आधी स्वतः चालून दाखवावं लागतं. एका रविवारी सकाळी मी माझी जुनी, लोखंडी, मडगार्ड आणि दिवा असलेली सायकल काढली. पिशव्यांत रेनकोट, थर्मॉस, पंप, नकाशा आणि नकाशा भिजला तर दुसरा नकाशा भरला. हेदरनं नाताळात दिलेली, बुडाला गादी शिवलेली घट्ट चड्डी चढवली आणि निघालो. टेकडीपर्यंतचा प्रवास बहारीचा झाला. चढावर एका मेंढीनं मला मागे टाकलं, पण ती ओझ्याशिवाय होती.

कुरणाच्या तोंडाशी कुंपण ओलांडायला लाकडी पायरी आहे. एक पाय अलीकडच्या फळीवर, एक पलीकडच्या, अशी तिची रीत. सायकल खांद्यावर घेऊन मी अलीकडचा पाय टाकला, पलीकडचा टाकला, आणि तिथेच सगळं थांबलं. माझं डोकं सायकलच्या तिकोनी सांगाड्यातून आरपार गेलं होतं, पुढचं चाक काटेरी झुडपात आणि मागची पिशवी खांबात अडकली होती. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

इतक्यात मागून डोंगर-भटक्यांची एक टोळी आली. काठ्या, टोप्या, गळ्यात नकाशे. पहिला गृहस्थ माझ्यामागे येऊन थांबला.

"काय सुंदर सकाळ आहे," तो म्हणाला.

"सुंदर," मी सांगाड्यातून म्हणालो.

"दुपारी पाऊस सांगितलाय."

"हो, असं म्हणतात खरं."

थोडा वेळ गेला. त्याच्यामागे बाकीच्यांनी शिस्तीत रांग लावली. कुणीतरी सँडविचचा कागद सोडल्याचा आवाज आला.

"तुम्ही चढताय की उतरताय?" त्या गृहस्थानं अत्यंत अदबीनं विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

"सावकाश, सावकाश. आम्हाला काही घाई नाही."

शेवटी रांगेतली एक बाई पुढे आली. "माफ करा हं, पण मदत करू का?"

"छे छे, मजेत आहे मी," मी म्हणालो. "माफ करा."

"नाही, मीच माफ करा," ती म्हणाली आणि लाजून पुन्हा रांगेत गेली. तेवढ्यात बर्ट्रम आला. संसारी माणसाच्या थकलेल्या पावलांनी आला, माझ्या गादीच्या चड्डीचा बराच वेळ वास घेतला आणि पटल्यासारखा निघून गेला. माझ्या आयुष्यातला हा प्रसंग मी इथे केवळ सत्यासाठी लिहितो आहे.

मला सोडवलं ते मॅव्हिसनं. तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी दिसलो. ॲप्रनवरच धावत आली, पिशव्यांचे पट्टे सोडले आणि माझं डोकं कानांना धरून मागे ओढलं.

"क्लाइव्ह, सोड रे हा नाद," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "हे काय वय आहे का? मान मोडून घेशील. खरंच सोड. कुणी काही म्हणणार नाही."

मला भरून आलं. "मॅव्हिस, तुझ्या... म्हणजे गावासाठी मी मागे हटणार नाही."

"किती चांगला आहेस रे तू," मॅव्हिस म्हणाली. दातांच्या डॉक्टरला म्हणावं, त्या सुरात.

पाट्यांची हकीकत मी गाळतो. फक्त एवढंच सांगतो, की कौन्सिलनं पाट्यांच्या रंगासाठी एक उपसमिती नेमली. तिला हिरवा रंग गवतात दिसेना, पिवळा रंग डोळ्यांत खुपला, निळा राजकीय वाटला. शेवटी तपकिरी पाट्यांवर जरा गडद तपकिरी अक्षरं काढायचं एकमतानं ठरलं. त्यातल्या बहुतेक पाट्या अजून उभ्या आहेत. ज्यांना त्या आधीपासून माहीत आहेत, त्यांना सापडतात.

उन्हाळा संपत आला. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कंपनीचा माणूस पब बघायला येणार आणि जेवणाऱ्यांची डोकी मोजून पुढचं ठरवणार, ही बातमी डेस्मंडनं पुन्हा ओठ न हलवता दिली. मी त्याच रविवारी मार्गाचं उद्घाटन ठेवलं. मॅरल्टन स्टेशनावर एक सूचना लावली. चार-पाच सायकलवाले आले तरी पुरे, असं मला वाटत होतं. मॅव्हिसनं नेहमीपेक्षा थोडंसंच जास्त बीफ भट्टीत टाकलं. "कशाला उगीच वाया?" म्हणाली.

माझा अंदाज एका ठिकाणी चुकला. त्या भटक्यांच्या टोळीनं आपल्या मंडळाच्या पत्रिकेत माझ्याबद्दल लिहिलं होतं. 'देशातला बहुधा एकमेव सायकलमार्ग, जो सायकल अंगावर घेऊन पुरा करावा लागतो.' ते सायकलवाल्यांच्या मंडळांपर्यंत पोचलं. आणि लांब पल्ल्याचा सायकलवाला ही काय चीज आहे, हे मला तेव्हा उमगलं. त्याला सोय दाखवली तर त्याचा अपमान होतो. सपाट रस्ता, सुकं हवामान, वेळेवर जेवण यांनी तो खचतो. पण जिथे चढ आहे, चिखल आहे, बैल आहे आणि वर सायकल उचलायची आहे, तिथे तो मित्रांना घेऊन येतो.

दुपारी टेकडीच्या माथ्यावर पहिली सायकल दिसली, तिच्यामागे दुसरी, आणि मग टेकडीला जणू पाझर फुटला. पायथ्याशी लाकडी पायरीपासून रांग सुरू झाली. कुणी ढकललं नाही, कुणी पुढे घुसलं नाही. एकेक जण पायरी चढायचा, सायकल डोक्यावर घ्यायचा आणि कुरणातून तरंगत निघायचा. दुरून पाहिलं तर वाटावं, सायकलींना पाय फुटले आहेत आणि त्या जेवायला चालल्या आहेत. बर्ट्रम मधोमध बसून रवंथ करत होता. लोक त्याला "माफ करा" म्हणून वळसा घालत होते. डेस्मंडची आई रांग बघून रांगेत उभी राहिली. कशाची रांग आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण म्हणाली, "इतकी सुरेख रांग गावात कित्येक वर्षांत लागली नव्हती."

बॅस्टेबलसुद्धा फाटक सोडून पुढे आला आणि बायकांच्या सायकली उचलून द्यायला लागला. "सामान म्हटलं की हमाल लागतोच," एवढंच बोलला.

पबमध्ये बीफ पहिल्या अर्ध्या तासातच संपलं. मॅव्हिस दारात येऊन रांगेकडे बघत नुसती उभी राहिली. चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. हेदरनं बाह्या सरसावल्या आणि बटाटे सोलायला बसली. फिलिपा घरी धावली आणि बदकांची अंडी घेऊन आली. ज्या बदकांच्या मनाला सायकली लागत होत्या, त्यांची अंडी सायकलवाल्यांनी टोस्टवर घालून फस्त केली. डेस्मंड भांड्यांच्या मोरीत कोपरांपर्यंत बुडाला होता आणि तत्त्वतः काहीच बोलत नव्हता. मी टेबलांमधून फिरत होतो. एका तरुण मुलीनं मला विचारलं, "हा मार्ग कुणी आखला हो?" मी नम्रपणे म्हणालो, "मी." ती म्हणाली, "भयंकर आहे," आणि माझा हात हातात घेऊन जोरात हलवला.

कोपऱ्यात कंपनीचा माणूस बसला होता. टोकदार बुटांचा, कोवळा. त्याला खायला काहीच मिळालं नव्हतं आणि तो आनंदानं नुसता फुलला होता. निघताना त्यानं मॅव्हिसचे दोन्ही हात धरले. "विकायचा प्रश्नच नाही, मिसेस ट्रॉट. तुम्ही इथून हलायचंच नाही!"

संध्याकाळी सगळे गेले. अंगणात चिखलाच्या पावलांखेरीज काही उरलं नव्हतं. मॅव्हिस एका स्टुलावर बसली होती, ॲप्रन अजून बांधलेलाच. मी समोर उभा राहिलो. माणसाला आभार मागता येत नाहीत, पण जवळपास उभं राहता येतं.

"क्लाइव्ह," ती म्हणाली, "मला जायचं होतं रे."

"कुठे?"

"बहिणीकडे. समुद्रावर बंगली आहे तिची. खिडकीतून पाणी दिसतं. माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय तिनं, पिवळी. कंपनीनं विकला असता तर मला मोकळं केलं असतं, वर काहीतरी हातावरही ठेवलं असतं. मी आपण होऊन सोडला तर करार मोडल्याचं मलाच भरावं लागतं. किती वर्षं वाट बघत होते, कधी एकदा गिऱ्हाईक आटतंय म्हणून. यंदा आटत आलं होतं."

"मग सांगायचं नाही का मला?"

"तू इतका मनापासून करत होतास. वाईट दिसलं असतं." तिनं नाक पुसलं. "मी माझ्या परीनं केलं की. फिलिपाला बदकांचं मीच सुचवलं. आणि बॅस्टेबलला म्हटलं, तो बैल आण म्हणून. गोड आहे रे तो बैल, त्याचा काही उपयोग झाला नाही."

"मॅव्हिस... तू नुसतं एकदा म्हणाली असतीस तर..."

"आणि तू नुसतं एकदा विचारलं असतंस तर?" ती म्हणाली. रागानं नव्हे. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कौन्सिलकडे मार्ग रद्द करा म्हणून अर्ज टाकला. डेस्मंड म्हणाला, तत्त्वतः मार्ग रद्द करता येतो. पण त्यासाठी गावाचा कौल घ्यावा लागेल, आणि गाव आता मार्गाच्या बाजूचं आहे. फिलिपानं बदकं वाढवायला घेतली होती. बॅस्टेबलनं लाकडी पायरी रुंद करायला सुतार बोलावला होता. मी स्वतः जाऊन पाट्या उपटायचं ठरवलं. दोन सापडल्या. बाकीच्या इतक्या तपकिरी होत्या की मलाच दिसल्या नाहीत. हेदर म्हणाली, "आता तरी जा आणि तिची नीट माफी माग." मी गेलो, मागितली. मॅव्हिसनं लगेच माझी उलट माफी मागितली, आणि मग मी रॉलीच्या कानाची चौकशी केली.

बुधवारी कंपनीची गाडी आली आणि मॅव्हिसच्या स्वयंपाकघरात आधीच्या दुप्पट मोठा ओव्हन बसवून गेली.